परदेशी विद्यार्थ्यांची दोन दिवसांची सहल : नेसरी परिसराचे एक नियोजन

शिक्षणासाठी दुसऱ्या देशात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा आठवडा वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह यांत संपतो, आणि ज्या देशात तो शिकण्यासाठी आलेला असतो त्या देशाशी त्याचा खरा संबंध बहुधा शनिवार-रविवारीच येतो. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेने आठवड्याअखेरीस गटाने शेजारच्या शहरात किंवा देशात जाऊन येण्याची सवय तेथील दोन पिढ्यांना लावली, आणि तीच सवय सोबत घेऊन अनेक विद्यार्थी पुण्यासारख्या शहरात दाखल होतात. मात्र युरोपातील अंतरे आणि तेथील रेल्वेचे जाळे गृहीत धरून आखलेली सहल महाराष्ट्रात फसते. शुक्रवारी रात्री पुणे सोडायचे, दोन दिवसांत गोवा किंवा हंपी आटोपायची आणि सोमवारी पहाटे डोळे चोळत वर्गात बसायचे, हा जो प्रघात पडला आहे त्यात प्रवासाचे तास मुक्कामाच्या तासांहून अधिक भरतात आणि विद्यार्थ्यांना मुख्यतः एकमेकांचाच सहवास घडतो. महाविद्यालयांतील आंतरराष्ट्रीय विभाग, यजमान कुटुंबे आणि अशा गटांसोबत जाणारे मराठी विद्यार्थी यांच्यासाठी या लेखात वेगळ्या प्रकारच्या सहलीची आखणी मांडली आहे. तिच्यात ठिकाणे थोडी असतात, प्रश्न एकच असतो आणि त्या प्रश्नासाठी एका गावात मुक्काम करावा लागतो. उदाहरण म्हणून कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव घेतले आहे.

पुण्याला परदेशी विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे मराठी भाषेचे वर्ग पुण्यात चालत आले आहेत. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने अनेक वर्षे आपले विद्यार्थी पुण्यातील मराठी कुटुंबांत राहण्यासाठी पाठवले, आणि आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट या त्याच संघातील कार्लटन महाविद्यालयात शिकवीत होत्या. सिम्बायोसिस या संस्थेचा उगम तर परदेशी विद्यार्थ्याच्या एकटेपणातच सांगितला जातो. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे प्रमुख असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या पाहण्यात काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा एक विद्यार्थी आला, त्याला खिडकीतून डबा पोहोचवला जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि १९७१ साली त्यांनी ही संस्था स्थापन केली. मुजुमदार मूळचे गडहिंग्लजचे, म्हणजे नेसरी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या गावचे. सहलीच्या माहितीपत्रकात हा दुवा अवश्य द्यावा, कारण आपल्या संस्थेचा एक धागा या आडवळणाच्या मुलुखातून निघाला आहे हे कळल्यावर विद्यार्थी त्या मुलुखाकडे निराळ्या नजरेने पाहतो.

नेसरी हे गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे बाजारगाव असून घटप्रभा नदीचे खोरे त्याच्या जवळून जाते. पश्चिमेस आजरा आणि चंदगड तालुक्यांचा पावसाळी डोंगराळ पट्टा, पूर्वेस गडहिंग्लज-संकेश्वरकडचा कोरडा होत जाणारा सपाट मुलूख आणि दक्षिणेस बेळगाव, अशा तीन निरनिराळ्या प्रदेशांच्या सांध्यावर हे गाव बसले आहे. भात, ऊस, भुईमूग आणि काजू ही पिके थोड्याथोड्या अंतरावर बदलत जाताना येथे दिसतात. येथील बोलीवर कानडीचे वळण आहे आणि बाजारात दोन्ही भाषा सहज चालतात. तरीही महाराष्ट्रात नेसरीचे नाव घेतले जाते ते एका लढाईमुळे, आणि सहलीचा एकमेव प्रश्न तेथूनच घ्यावा : साडेतीनशे वर्षांपूर्वी नेसरीजवळच्या खिंडीत नेमके काय घडले, आणि ते आपल्याला कशावरून कळते?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडण्यापूर्वी आयोजकाने घटनाक्रम स्वतः पक्का करून घ्यावा. कुडतोजी गुजर, ज्यांना प्रतापराव या किताबाने ओळखले जाते, ते शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे घोडदळाचे मुख्य सेनापती होते. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानी लढाईत मोगलांविरुद्ध मिळालेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. एप्रिल १६७३ मध्ये उमराणी येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, त्यांनी विजापूरच्या आदिलशाहीचा पठाण सरदार बहलोलखान याच्या फौजेचे पाणी तोडून तिला कोंडीत पकडले, मात्र खानाने शरणागतीची भाषा केल्यावर त्याला वाट मोकळी करून दिली. हा तह महाराजांना मान्य नव्हता. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला तेव्हा त्याचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नये, अशा आशयाचा निरोप महाराजांनी पाठवल्याचे बखरी सांगतात. बखर म्हणजे घटनेनंतर, बहुधा एखाद्या दरबारी जाणकाराने, मराठी गद्यात लिहिलेला वृत्तांत. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीजवळ प्रतापराव आणि बहलोलखान यांची गाठ पडली आणि तेथे प्रतापराव मारले गेले. त्यानंतर आनंदराव यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने खानाच्या जहागिरीतील संपगाव ही पेठ लुटली, हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब आणि सरनोबतीचे पद मिळाले, आणि प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिचा विवाह राजाराम महाराजांशी लावण्यात आला. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, म्हणजे राज्याचा मुख्य सेनापती गमावल्यावर जेमतेम सव्वातीन महिन्यांनी झालेला.

आजच्या महाराष्ट्रात ही घटना जशी सांगितली जाते तिचा गाभा असा, की प्रतापराव अवघ्या सहा साथीदारांसह शत्रूच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. मराठी मनात हे चित्र कोरले गेले ते मुख्यतः कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली निघालेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात आणि लता मंगेशकरांच्या आवाजात ती कविता घरोघरी पोहोचली. परंतु महाराजांच्या मृत्यूनंतर जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत भर आहे तो मोठ्या, रक्तरंजित युद्धावर, सात जणांच्या एकाकी धावेवर नाही. दुसरीकडे, इंग्रजांच्या वतीने रायगडावर गेलेले नारायण शेणवी यांच्या एप्रिल १६७४ मधील पत्रात, म्हणजे लढाईनंतर दीड-दोन महिन्यांच्या आत, दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह लढताना मारले गेल्याची बातमी आहे. अर्थात साताचा आकडा ही कवीची निर्मिती म्हणता येत नाही. मात्र त्या सहा साथीदारांची म्हणून जी नावे सांगितली जातात, ती समकालीन कागदांतून आलेली नसून नंतरच्या परंपरेतून आली आहेत आणि त्यांच्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सेनापती फौज मागे ठेवून पुढे का गेला, याची तर किमान तीन उत्तरे संभवतात : निरोपामुळे झालेला मानभंग, टेहळणीच्या वेळी अचानक पडलेली गाठ, किंवा मागून येणारी फौज वेळेत पोहोचेल हा चुकलेला अंदाज. यांपैकी एकच उत्तर विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्याचा मोह आयोजकाने टाळावा.

त्या पारंपरिक नावांत सिद्दी हिलाल हे एक नाव येते, याकडे आयोजकाने मुद्दाम लक्ष वेधावे. सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातून सैनिक, खलाशी किंवा गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि येथेच स्थिरावलेल्या लोकांचा समाज. महाराष्ट्रात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आफ्रिकी देशांतून आलेल्यांची संख्या लक्षणीय असते आणि रस्त्यावरच्या टक लावून पाहणाऱ्या नजरा त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. सिद्दी हिलाल नेसरीच्या खिंडीत खरोखर होते की नाही हे ठामपणे सांगता येत नसले, तरी या नावाचा सरदार मराठ्यांच्या बाजूने लढत होता आणि पुढच्या पिढ्यांना त्याचे नाव वीरांच्या यादीत घालावेसे वाटले, एवढे तर स्पष्टच आहे. त्याचबरोबर ही लढाई हिंदू आणि मुसलमान अशा दोन धर्मांची होती, असे सोपे समीकरण परदेशी विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतून किंवा समाजमाध्यमांतून घेऊन येतात. ते सोडवण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज नसते, हे एक नाव पुरते.

खिंडीतल्या सत्राची रचना साधी असावी. लढाईचे स्मारक नेसरीपासून जवळ, कानडेवाडीनजीकच्या खिंडीत आहे. शनिवारी ऊन उतरल्यावर, साधारण चारच्या सुमारास तेथे पोहोचावे. गटाचे तीन भाग करून एकाला सभासदाच्या वर्णनाचा, दुसऱ्याला इंग्रजी पत्राचा आणि तिसऱ्याला कवितेचा गोषवारा निघण्यापूर्वीच द्यावा, आणि प्रत्येक भागाने आपल्याला मिळालेला वृत्तांत या जमिनीवर कितपत बसतो ते पाहावे. घोडे कोठून उतरले असतील, किती स्वार एका वेळी शेजारी शेजारी धावू शकले असते, मागच्या फौजेला पुढे काय चालले आहे ते दिसले असते का, असे प्रश्न पायी फिरूनच सुटतात. रस्ते, शेती आणि वस्ती यांनी जमिनीचे रूप बदलले आहे याची जाणीव मात्र आरंभीच द्यावी, अन्यथा आजचा डांबरी रस्ता हाच सतराव्या शतकातला मार्ग समजून विद्यार्थी निष्कर्ष काढू लागतात. स्मारक हे गावकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. त्यामुळे चौथऱ्यावर चढून छायाचित्रे काढणे, तेथे खाणे किंवा मोठ्याने गाणी लावणे कटाक्षाने टाळावे, आणि वृत्तांतांच्या सत्यासत्यतेची चर्चा स्मारकाच्या पायरीशी न करता थोडे दूर, एखाद्या झाडाखाली बसून करावी. गावातील ज्येष्ठांपैकी कोणी सोबत येण्यास तयार असल्यास त्यांचे कथन आधी ऐकून घ्यावे. त्यांना मध्येच थांबवून बखरीतील विसंगती दाखवणे हे अभ्यासाचे नव्हे, उद्धटपणाचे लक्षण ठरते.

हंगामाची निवड ही निम्मी सहल आहे. जून ते सप्टेंबर या काळात चंदगड-आजऱ्याचा पट्टा मुसळधार पावसाखाली असतो, घटप्रभा, हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णी या नद्यांवरचे बंधारे पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद होते, आणि २०१९ च्या महापुरात तर कोवाडची बाजारपेठ बुडाली होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मार्चअखेरपासून ऊन असह्य होते. महाशिवरात्रीच्या सुमारास नेसरीत येण्याची कल्पना आकर्षक वाटली, तरी त्या दिवशी खिंडीत अभिवादनासाठी लोक जमतात, वाहतूक खोळंबते आणि घराघरांत उपवास असतो. गर्दीचा उत्सव पाहणे हा हेतू असेल तरच तो दिवस निवडावा, कागद आणि जमीन ताडून पाहण्यासाठी साधा शनिवारच बरा. गळीत हंगामाची, म्हणजे साखर कारखाने चालू असण्याची एक अडचण याच महिन्यांत येते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागे दिवा किंवा चमकपट्टीही नसते. यासाठी या भागातील रस्त्यांवरचा प्रवास सूर्यास्तापूर्वी संपेल असेच वेळापत्रक आखावे.

पुण्याहून जाताना कोल्हापूर आणि परतताना बेळगाव, असा वळसा घेतला तर तोच रस्ता दोनदा करावा लागत नाही. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास पुण्याहून सुटून सकाळी कोल्हापूरला पोहोचते. तेथे न्याहारी करून एसटीने गडहिंग्लज आणि पुढे नेसरी गाठता येते. कोल्हापूर ते गडहिंग्लज हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि गडहिंग्लज ते नेसरी सुमारे २५ किलोमीटर असल्याने दुपारच्या जेवणापर्यंत मुक्कामी पोहोचणे शक्य होते. स्वतंत्र गाडी ठरवल्यास एक बाब विसरू नये : कोल्हापूरहून महामार्गाने येताना निपाणीजवळ कर्नाटकाची हद्द लागते आणि पुढे पुन्हा महाराष्ट्र सुरू होतो, त्यामुळे गाडीकडे दुसऱ्या राज्यात प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे. बेळगावचा प्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून धुमसत आहे आणि वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या सीमेवर थांबवल्या जातात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करते, तर त्याच दिवशी सीमाभागातील मराठी भाषक काळा दिवस पाळतात. त्या आठवड्यात बेळगावमार्गे परतीचा बेत ठेवू नये आणि इतर वेळीही निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. परदेशी विद्यार्थ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. अपवाद काही मोजक्या देशांच्या नागरिकांचा, ज्यांचा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच मर्यादित असतो. गटात असा विद्यार्थी असल्यास त्याचा व्हिसा शब्दशः वाचून घ्यावा.

कायदेशीर बाबींत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मुक्कामाच्या नोंदीकडे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आगमनानंतर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते, आणि ते काम महाविद्यालये बहुधा चोख करतात. परंतु ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली जाणारी जी दुसरी नोंद आहे, म्हणजे परदेशी पाहुणा मुक्कामाला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती शासनाला कळवणे, ती विद्यार्थ्याने करायची नसून त्याला निवारा देणाऱ्याने करायची असते. मोठ्या शहरांतील हॉटेलांना ही पद्धत अंगवळणी पडलेली असते, तर नेसरीसारख्या गावातील लॉजच्या मालकाला किंवा आपल्या घरात चार मुलींची सोय करणाऱ्या कुटुंबाला तिची कल्पनाही नसते. कायदा मात्र खासगी घर आणि हॉटेल यांत भेद करीत नाही. म्हणून आयोजकाने किमान १५ दिवस आधी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाशी संपर्क साधून यजमानाची ऑनलाइन नोंदणी करून द्यावी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पारपत्राच्या आणि व्हिसाच्या छायाप्रती यजमानाकडे आगाऊ पाठवाव्यात आणि नेसरी पोलीस ठाण्यालाही गटाच्या आगमनाचे साधे पत्र द्यावे. एवढे केल्यास रात्री दहा वाजता दारात उभा राहिलेला शिपाई पाहून यजमान घाबरत नाही. जंगलभ्रमंतीची सवय असलेले काही विद्यार्थी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी उपकरणे जवळ बाळगतात. भारतात अशी उपकरणे आणि उपग्रह दूरध्वनी परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा असून त्यापायी परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे, म्हणून ती पुण्यालाही आणू नयेत, मग नेसरीला नेण्याचा प्रश्नच उरत नाही. ड्रोनबाबतही तोच सावधपणा राखावा. मद्याबाबतही स्पष्ट सूचना द्यावी, कारण अठराव्या वर्षी मद्य विकत घेता येणाऱ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे हे सहसा ठाऊक नसते.

गटात १२ ते १५ पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत आणि दर चार परदेशी विद्यार्थ्यांमागे मराठी उत्तम बोलणारा एक सोबती असावा, असे प्रमाण ठेवल्यास गट गावात विरघळतो. ४० जणांची बस आली की तिची जत्रा होते.

जेवणाच्या संदर्भात परदेशी विद्यार्थ्यांना तिखटाची भीती घातली जाते, पण या भागात खरी काळजी घ्यावी ती शेंगदाण्याची. गडहिंग्लज परिसर भुईमुगासाठी नावाजलेला आहे आणि दाण्याचे कूट भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत आणि चटणीत इतक्या सहजतेने पडते की स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तो वेगळा जिन्नस वाटतच नाही. फोडणीही अनेक घरांत शेंगतेलाची असते. पाश्चात्त्य देशांतील काही विद्यार्थ्यांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते, म्हणजे अल्प प्रमाणात पोटात गेल्यासही घसा सुजून श्वास कोंडतो आणि जिवाला धोका निर्माण होतो. ‘दाणे घातले आहेत का?’ एवढे विचारून भागत नाही, तर तेल कोणते, कूट कशात आहे आणि पळी तीच वापरली का, इथपर्यंत विचारावे लागते. असा विद्यार्थी असल्यास त्याचे जेवण स्वतंत्र भांड्यांत सूर्यफुलाच्या तेलात करून घ्यावे, त्याच्याजवळ ॲड्रेनलिनचे इंजेक्शन असल्याची खात्री करावी आणि ते कसे द्यायचे हे सोबतीला शिकवून ठेवावे. इतर बाबतींत हा मुलूख खवय्यांचा आहे. आजऱ्याचा घनसाळ हा भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक तांदूळ, नाचणीची भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा यांचा बेत ठेवता येतो. हलाल मांस किंवा पूर्ण शाकाहार यांविषयी कोणाचे नियम असतील तर ते यजमानाला आधी सांगावेत, ऐन पंगतीत नव्हे. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद असावे.

अपघाताच्या शक्यता मोजक्या पण ठरावीक आहेत. पहिली बंधाऱ्यांवर पोहण्याची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीपात्रात दगडी खांब उभारून, पावसाळा संपल्यावर त्यांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवण्याची रचना. हिवाळ्यात त्यामागे शांत, निळसर डोह दिसतो आणि तलावात पोहायला सरावलेल्या विद्यार्थ्यांना तो खुणावतो, परंतु पाण्याची खोली अचानक वाढते, तळाशी गाळ असतो आणि बरग्यांच्या फटींतून जाणारा प्रवाह माणसाला ओढून घेतो. येथे पोहण्यास सरसकट मनाई असावी. दुसरी शक्यता दुचाकीची. गावातील उत्साही तरुण आपली मोटारसायकल आपण होऊन देऊ करतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसलेल्या विद्यार्थ्याने ती चालवल्यास विमा निरुपयोगी ठरतो आणि अपघात झाल्यास मालकही अडचणीत येतो. तिसरी रानटी जनावरांची. आजरा-चंदगड भागात गव्यांचे कळप नेहमीचे आहेत आणि या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकाच्या जंगलातून आलेले हत्तीही तेथे वावरतात, त्यामुळे पश्चिमेकडच्या वाड्यांवर अंधार पडल्यानंतर चांदणे पाहण्यासाठी शेतात जाऊ नये. कुत्रा चावल्यास किंवा सर्पदंश झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. परदेशी विमा कंपनीला कळवण्याचे काम त्यानंतर करता येते.

गाव आणि गट यांची परस्परांशी ओळख करून देणे हे आयोजकाचे नाजूक काम आहे. विद्यार्थ्यांना सूचना देण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण गावाशी आधी बोलण्याची नाही. किती जण येणार, कोणत्या देशांतून, कशासाठी, त्यांच्यातील काहींचा रंग, केस किंवा पोशाख वेगळा असेल, हे सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि यजमान घरांतील स्त्रिया यांना आधी सांगितले की कुतूहल राहते, पण खिदळणे आणि मागे मागे फिरणे कमी होते. विद्यार्थ्यांनी उलट बाजूने इतकेच लक्षात ठेवावे की ओढ्यावर धुणे धुणारी बाई, बाजारातली म्हातारी किंवा शाळकरी मूल हे छायाचित्राचे विषय नसून माणसे आहेत. आधी बोलावे, मग विचारावे आणि नकार आला तर कॅमेरा आत ठेवावा. मुलांना चॉकलेटे वाटत फिरण्याची हौस आवरावी. भेट द्यायचीच असेल तर शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत आणि तीही मुख्याध्यापकांना विचारून. पुण्याच्या वर्गात मराठी शिकलेल्या विद्यार्थ्यांनी येथील बोली ऐकून गोंधळू नये. बाया-मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’ असे सर्रास म्हणतात, आणि ती चूक समजून सुधारायला जाणे म्हणजे पाहुण्याने यजमानाला त्याचीच भाषा शिकवणे होय.

रविवारी एकच ठिकाण घ्यावे. सामानगड आणि कोवाड यांपैकी निवड करायची झाल्यास गटाच्या अभ्यासविषयावर ती सोडावी. इतिहासाचे विद्यार्थी असतील तर गडहिंग्लजजवळचा सामानगड योग्य, कारण खडकात खोदलेल्या विहिरींचा हा किल्ला १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाचे आरंभस्थान आहे. गडकरी म्हणजे किल्ल्याच्या राखणीच्या मोबदल्यात इनाम जमिनी खाणारे वंशपरंपरागत शिपाई, आणि त्यांचे हक्क इंग्रजांच्या देखरेखीखालील कारभाराने काढून घेतल्यावर त्यांनी उठाव केला. साहित्याचे किंवा भाषेचे विद्यार्थी असतील तर कोवाड निवडावे. ताम्रपर्णीकाठचे हे गाव कादंबरीकार रणजित देसाई यांचे. ‘स्वामी’ या त्यांच्या कादंबरीला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ‘श्रीमान योगी’ने शिवचरित्राला कादंबरीचे रूप दिले. आदल्या दिवशी खिंडीत बखर, पत्र आणि कविता ताडून पाहिलेल्या विद्यार्थ्यांना कादंबरी हा चौथा प्रकार येथे आयताच भेटतो, आणि कोवाड बेळगावच्या वाटेवर असल्याने वेळही वाचतो. पारगड, जेथे तानाजी मालुसरे यांचे वंशज आजही राहतात, तो मोह घालतो खरा, पण चंदगडपलीकडे अगदी घाटमाथ्याच्या कडेला असल्याने दोन दिवसांच्या सहलीत तो बसत नाही. त्यासाठी जोडून सुट्टीचा तिसरा दिवस असावा.

खर्चाचा हिशेब निघण्यापूर्वी सर्वांसमोर ठेवावा. अनेक परदेशी विद्यार्थ्यांकडे भारतीय बँकेचे खाते नसल्याने त्यांना फोनवरून पैसे देता येत नाहीत आणि परदेशी कार्ड गावातल्या दुकानात चालत नाही, म्हणून कोल्हापुरातच पुरेशी रोकड काढून घ्यावी. घरगुती मुक्कामाचे पैसे यजमान बहुधा नाकारतात. अशा वेळी आग्रहाची ओढाताण न करता स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात दर माणशी आधी ठरवलेली रक्कम पाकिटात घालून द्यावी आणि तिचा उल्लेख सहलीच्या अंदाजपत्रकातच करून ठेवावा. बेळगावहून सुटणारी रात्रीची गाडी सोमवारी पहाटे पुण्यात पोहोचते. त्या दिवशीचा पहिला तास रद्द करून घेण्याची विनंती प्राध्यापकांकडे आधीच करावी आणि त्याऐवजी त्याच आठवड्यात एक तास तिन्ही वृत्तांतांवरील टिपणे वाचण्यासाठी राखून ठेवावा. या टिपणांचा मराठी गोषवारा सोबतच्या मराठी विद्यार्थ्यांनी तयार करून महिन्याभरात नेसरीच्या शाळेला आणि यजमान कुटुंबांना टपालाने पाठवावा. काढलेली छायाचित्रे छापून त्यासोबत द्यावीत आणि ज्यांची छायाचित्रे घेतली त्यांची नावे, त्यांची संमती असेल तरच, मागे लिहावीत.